मधल्या सीटचा बेल्ट

आमच्या घरात गाडीत कोण कुठं बसायचं यावर कधी चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. नवरा गाडी चालवणार. त्याच्या शेजारी तात्या, म्हणजे माझे सासरे. ती जागा त्यांची, ते गाडीत नसले तरीसुद्धा. एकदा तात्या शेतावरच राहिले होते आणि पुढची सीट मोकळी होती, तर आम्ही तिघी मागंच बसलो आणि पुढं फळांची पिशवी ठेवली. मागं डाव्या खिडकीला आत्याबाई, माझ्या सासूबाई, कारण त्यांना गाडी लागते. उजव्या खिडकीला मुलगी, कारण तिला काचेला डोकं टेकून झोपायचं असतं. आणि मधे मी, कारण मला काहीच होत नाही.

मधली सीट ही खरं तर सीट नव्हेच. दोन सीटच्या मधे उरलेली ती जागा. खाली पायांशी उंचवटा असतो, म्हणून एक पाय इकडं आणि एक तिकडं ठेवावा लागतो, आणि ज्या दोघींच्या पायांत आपले पाय घुसतात त्यांची मनातल्या मनात माफी मागत बसावं लागतं. पाठ टेकायची जागा कडक. डोक्यामागं काहीच नाही. वळण आलं की डावीकडं सासू, उजवीकडं मुलगी, आणि आपण दोघींवर आळीपाळीनं कलतो. मी मात्र या जागेबद्दल कधी तक्रार केली नाही. आपण समजूतदार आहोत असं स्वतःला वाटून घेण्यात एक सुख असतं, ते मी पुरेपूर घेतलं.

मी पिंपळीची लेक आणि बावड्याची सून. पिंपळी बारामतीला लागून, बावडा इंदापूर तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. सणवार, लग्नकार्य, दवाखाना, कॉलेज, सगळं बारामतीला. त्यामुळं या रस्त्यावरून मी बावीस वर्षं ये-जा केली आणि तो रस्ता मला दोन डोक्यांच्या मधून दिसतो तेवढाच माहीत आहे. डावीकडं तात्यांची टोपी, उजवीकडं नवऱ्याचा कान, आणि मधे वीतभर डांबर.

बावीस वर्षांत दोन गाड्या झाल्या. मग तिसरी घ्यायची ठरली. ती घ्यायचं कारण वरकरणी असं, की जुनी गाडी थकली होती. माझं कारण वेगळं होतं, पण ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याच्या आदल्या हंगामात, कारखाने चालू असताना, आम्ही एका लग्नाहून परत येत होतो. दिवस मावळायला आला होता. एका वळणावर उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागं ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. चाकाला दोन दगड लावले होते, तेवढीच काय ती खबरदारी. नवऱ्यानं करकचून ब्रेक दाबला. गाडी ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. गाडी थांबली, पण मी थांबले नाही. मी दोन सीटच्या मधून पुढं गेले आणि टेपच्या कोपऱ्यावर कपाळ आपटलं. तात्यांनी बेल्ट लावला होता, कारण त्या आठवड्यात बारामतीत पोलीस अडवत होते. आत्याबाई आणि मुलगी समोरच्या सीटच्या पाठीवर आदळल्या, त्यांना थोडा मुका मार लागला. माझ्यासमोर सीट नव्हतीच. भुवईच्या वर तीन टाके पडले.

दुसऱ्या दिवसापासून माणसं भेटायला येऊ लागली. तात्या प्रत्येकाला अगदी हातवारे करून सांगायचे, "लय ब्येस ब्रेक हाय गाडीचा. जाग्यावर उभी राहिली बगा. दुसरी गाडी असती तर गेलो हुतो आमी." मग आलेली माणसं ब्रेकचं कौतुक करायची, त्यानंतर नवऱ्याच्या हाताचं, आणि चहा पिऊन जाताना मला म्हणायची, "थोडक्यात निभावलं हां." चहा मीच करत होते. आठवडाभर आमच्या घरात ब्रेकचा सत्कार चालला होता आणि मला मनातून चीड येत होती. कुणाची, ते सांगता आलं नसतं. नवऱ्यानं खरंच सगळ्यांना वाचवलं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी नववीच्या वर्गाला जडत्व शिकवताना एसटीचा ब्रेक लागल्यावर माणसं पुढं कशी झुकतात याची नक्कल करून दाखवते आणि वर्ग हसतो. त्या वर्षी नक्कल करावीशी वाटली नाही. फळ्यावर व्याख्या लिहिली आणि पुढं गेले.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे गाडी बघायला बारामतीला गेलो. एकाच दिवशी तीन ठिकाणी. तात्यांनी निघतानाच पेरूचं एक रिकामं कॅरेट डिकीत टाकलं होतं. आमची पेरूची बाग आहे. माल पिकअपनं जातो, पण पाहुण्यांना द्यायचा, कुणाला नमुना दाखवायचा, तो गाडीतूनच जातो. प्रत्येक शोरूममध्ये तात्या चकचकीत फरशीवरून ते चिखलाचे डाग पडलेलं कॅरेट घेऊन चालायचे आणि शोरूममधल्या साहेबांना म्हणायचे, "डिकी उघडा." कॅरेट आडवं बसतं का, उभं बसतं का, दोन शेजारी बसतील का. मग खाली वाकून जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंत हाताच्या बोटांनी वीत घालायचे, कारण आमच्या वस्तीच्या रस्त्याला पाटाच्या पाण्याची चारी आडवी येते आणि जुनी गाडी तिथं दरवेळी घासायची. रंगाचा तर प्रश्नच नव्हता. पांढरा.

नवरा गाडीचं दार उघडून परत लावायचा आणि आवाज ऐकायचा. धप् असा जड आवाज आला की मान हलवायचा. त्याला गाडीला रुबाब पाहिजे होता आणि ते तो उघडपणे म्हणायचा, हे मला आवडायचं. मुलीला टपावर उघडणारी काच हवी होती. आत्याबाईंची एकच अट, नऊवारी नेसून चढता आलं पाहिजे आणि मागची काच पूर्ण खाली गेली पाहिजे. "अर्धी काच खाली जाऊन काय करायची? तोंड तर भाइर निघाया हवं," असं त्या साहेबांना समजावून सांगत होत्या आणि ते बिचारे अगदी गंभीरपणे मान डोलवत होते.

दुसऱ्या शोरूममध्ये मी मागच्या सीटवर वाकून फटीत हात घालत होते.

"मॅडम, काही पडलं का?" तिथल्या साहेबांनी विचारलं.

"नाही, बेल्ट बघतेय."

"मागं दोन्ही बाजूला आहेत की बेल्ट. एअरबॅग्जपण सहा आहेत."

"मधे?"

"मधे पोटावरचा आहे. पण मधे कोण बसतं मॅडम? लहान मुलं, नाहीतर सामान."

"हां, तेही खरंच," मी म्हणाले.

खरं सांगायचं तर त्याच गाडीवर माझा जीव जडला होता. तिचा रंग पेरूच्या पानाच्या मागच्या बाजूसारखा, फिकट आणि जरासा धुरकट हिरवा. आत बसलं की शांत वाटायचं. सगळे कागद बघत होते तेव्हा मी गुपचूप पुढं जाऊन स्टिअरिंगपाशी बसले आणि समोरची अख्खी काच बघितली. अख्खी. मधे कुणाचं डोकं नाही. मला त्या गाडीचा मोह झाला होता आणि चार दिवस तो गेला नाही. रंगासाठी म्हणून पोटावरचा पट्टा चालवून घ्यावा का, असा विचारही मी केला. मग आंघोळीच्या वेळी भुवईवर हात गेला की तो विचार मागं पडायचा. एरवी मी वर्गात पोरांना सांगते की आवड आणि गरज वेगवेगळ्या कागदावर लिहा. स्वतः लिहायला बसले तर दोन्ही कागदांवर हिरवा रंगच येत होता.

तिसऱ्या ठिकाणची गाडी दिसायला बेताचीच होती. नाकाडी, थोराड. पण तिच्या मागच्या मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पूर्ण बेल्ट होता आणि डोक्यामागं छोटीशी उशी होती. मी तो बेल्ट ओढला, खटक्यात घातला, टक् असा आवाज आला. परत काढला, परत घातला. हिरव्याचा मोह सरल्यावर मी ठरवलं, ते त्या आवाजावरच.

आता ते घरात कसं ठरवायचं, हा माझा हातखंडा. बावीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले होते, की आपल्याला जे हवं ते दुसऱ्याच्या कारणानं मागायचं. तात्यांना म्हणाले, "या गाडीचं पोट सगळ्यांत उंच आहे, चारीत घासणार नाही." खरं म्हणजे तीन बोटांचाच फरक होता. नवऱ्याला म्हणाले, "पुढचे दिवे कसे रागानं बघितल्यासारखे आहेत, रस्त्यात बाजूलाच होतील लोक." आत्याबाईंना सांगितलं की हिची काच पूर्ण खाली जाते, पायरीही ठेंगणी आहे. मुलीला टपावरची काच मिळणार नव्हती, तिला म्हणाले की ऊन किती असतं आपल्याकडं, भाजून निघशील. आठवड्याभरात सगळ्यांना वाटायला लागलं की ही गाडी आपणच निवडली. मी एकटीच अशी होते जिनं काही मागितलंच नव्हतं. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं, हे कबूल करते.

गाडी आणायच्या दिवशी माझी शाळा होती. तात्यांनी अमावास्या टाळून चांगला दिवस काढला होता, त्याला शाळेची वेळ विचारायची पद्धत नाही. नवरा आणि तात्या सकाळीच गेले आणि संध्याकाळी परत आले. इतका वेळ कशाला लागला, तर आमच्याकडं नवी गाडी शोरूममधून थेट घरी येत नाही, ती आधी सीट कव्हरवाल्याकडं जाते. उसाचं पाचट, बागेतली माती, पेरूचे डाग, यांच्यात कंपनीची सीट किती दिवस टिकणार? म्हणून जाडजूड कव्हर घालून घ्यायचं आणि मग गाडी दाराशी आणायची. कॉफी रंगाचं कव्हर होतं, पांढऱ्या दोऱ्याची चौकटीची शिलाई. मी गाडीला कुंकू लावलं, ओवाळलं, पेढे वाटले. सगळ्यांनी कव्हरवर हात फिरवून बघितला. मीही फिरवला. छान मऊ होतं.

त्या रविवारी माझ्या भावानं पिंपळीला जेवायला बोलावलं, गाडी दाखवायच्या निमित्तानं. सगळे आपापल्या जागी बसले. गाव मागं पडलं, गाडीनं वेग घेतला. मी खांद्यावरून बेल्ट ओढला आणि खटका शोधायला हात खाली नेला. हाताला कव्हर लागलं. पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं, सगळं कव्हर. आत काहीतरी टणक लागत होतं, पण वर काढायला वाट नव्हती. बाजूचे दोन खटके व्यवस्थित भोकं पाडून वर काढलेले होते. मधला आत दडपून वरून शिवून टाकला होता. बेल्टचं टोक माझ्या हातात होतं आणि अडकवायला जागा नव्हती.

"अहो, गाडी थांबवा," मी म्हणाले.

आमच्या घरात मी गाडी थांबवायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ असावी, कारण नवऱ्यानं न विचारता कडेला घेतली. आत्याबाईंनी लगेच कमरेला खोचलेली प्लॅस्टिकची पिशवी चाचपली. "वकारी येतीया का गं? पिशवी देऊ?"

"नाही आत्याबाई. माझ्या बेल्टचं लॉक कव्हरखाली गेलंय."

नवरा मागं वळला. "अगं, त्यो कव्हरवाला म्हणला, मधलं लॉक बसणाराला टोचतंय, आत दाबून टाकू का. मी म्हणलं टाक." आणि जरा थांबून म्हणाला, "तूच बसतीस तितं, तुला टोचू न्हाय म्हणून."

त्यानं माझा विचार केला होता. माझा विचार करूनच माझा बेल्ट शिवून टाकला होता. मला भांडायचं होतं आणि भांडायला कुणी सापडत नव्हतं.

मी आत्याबाईंकडं सरकून मधली जागा मोकळी केली आणि कव्हर ओढून बघितलं. खालून दोऱ्यांनी सीटच्या बुडाशी आवळून बांधलेलं होतं. फाडल्याशिवाय निघणार नव्हतं, आणि फाडायचं म्हटल्यावर तात्यांनी पुढूनच हात वर केला. "नव्याकोऱ्याला कातर लावू नगा. बारामतीत गेल्यावर बगू. आन् तासाभराचा तर रस्ता हाय. इतकी वर्सं बसलीसच की."

तेवढ्यात मुलगी म्हणाली, "आई, एवढं काय? मी बसते मधे, तू खिडकीला ये." आणि ती सरकलीसुद्धा. किती सहज सरकली. एक पाय इकडं, एक पाय तिकडं, दोन्ही हात मांडीवर. तिला कुणी शिकवलं नव्हतं ते. तिनं मला बघितलं होतं, बस्स.

"ऊठ तिथनं," मी म्हणाले. माझा वर्गातला आवाज बाहेर पडला होता, जो मी घरात कधी काढत नाही. "तिथं कुणी बसायचं नाही."

मुलगी परत खिडकीला सरकली. बाजूनं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला. मग मी बोलले. "ही गाडी मी या एका बेल्टसाठी घ्यायला लावली. ते पोट उंच आहे, दिवे छान आहेत, ते सगळं मी उगाच सांगत होते. मला दुसरी गाडी आवडली होती, हिरवी. ती सोडली. मला हा बेल्ट पाहिजे होता. टाके पडल्यापासून मला त्या जागेची भीती वाटते."

आत्याबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. तात्यांनी मात्र दार उघडलं आणि खाली उतरले. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते खरोखरच चिडले होते.

"काय एवढं हाय त्या जागंत? वाघ बसलाय व्हय तितं?" त्यांनी आत्याबाईंच्या बाजूचं दार उघडलं आणि मला म्हणाले, "उतर. मी बसतो. तू जा म्होरं. तिकडं ताटं वाढून लोक खोळंबलीत."

"तात्या, तुम्ही नका. तुम्हालाही बेल्ट नाही तिथं."

"मला नगं सांगू. उतर."

आत्याबाईंना उतरवून, मी उतरून, तात्या आत गेले. धोतर सावरत, एक पाय उंचवट्याच्या अलीकडं, एक पलीकडं. गुडघे पार छातीपर्यंत आले. टोपी टपाला लागली, ती त्यांनी काढून मांडीवर ठेवली. मी पुढं जाऊन बसले. बेल्ट लावला, टक् असा आवाज आला. नवऱ्याकडं बघितलं नाही. समोर अख्खा रस्ता होता, दोन्ही कडेची झाडं, ऊस, ओढ्यावरचा पूल, सगळं सलग. आनंद व्हायला हवा होता, पण मी नुसती अवघडून बसले होते. सासऱ्यांची जागा घेतल्याची लाज वाटत होती आणि ती वाटतेय याचा रागही येत होता.

नवरा नेहमी चालवतो तशीच गाडी चालवत होता. तो वाईट चालवत नाही. पहिल्या गतिरोधकाला मागून तात्यांचा हुं असा आवाज आला. पुढं एका वळणावर माझ्या सीटच्या पाठीवर काहीतरी घासलं. त्यांचा हात होता. तो सीटच्या कडेला धरायला बघत होता आणि नव्या गुळगुळीत कव्हरवरून निसटत होता. मला तो हात न बघताच कळला. बोटं कुठं रुततात, कुठं सुटतात, मला पाठ होतं. आत्याबाई म्हणाल्या, "अवो, माझ्या अंगावर किती येताय." मग उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली. नवऱ्यानं एक ओलांडली, दुसरी ओलांडायला गेला, समोरून एसटी आली म्हणून ब्रेक दाबून परत आत घेतली. दोन सीटच्या मधून तात्यांचा पंजा पुढं आला आणि त्यानं गिअरच्या बाजूचं प्लॅस्टिक घट्ट धरलं. माझ्या कोपराजवळ तो हात होता, शिरा तटतटलेल्या.

ट्रॉली पुढं चालली होती. नवऱ्यानं परत इंडिकेटर दिला.

"हळू घे की रं जरा," मागून तात्या म्हणाले. आवाजात मघाचा ताव नव्हता. "हितं धरायला काय न्हाय."

नवऱ्यानं इंडिकेटर बंद केला आणि लगेच वेग कमी केला. वाद नाही, प्रश्न नाही. ट्रॉलीच्या मागं आम्ही निवांत चालू लागलो. मला रडू यायला लागलं, आणि मी ते येऊ दिलं. इतकं सोपं होतं ते. एवढंच म्हणायचं होतं, आणि बावीस वर्षांत मी ते एकदाही म्हणाले नव्हते.